टाच नेहमीसारखी

आत्याच्या वहीत पायमोज्याचा नमुना जेमतेम पाच ओळींचा आहे. वर कोपऱ्यात ‘फौजी’ असं लिहून खाली रेघ मारलेली, आणि मग तिच्या टोकदार अक्षरात:

‘64 घाल. 2 सु 2 उ चार बोटं. मग साधं, वीतभर. टाच नेहमीसारखी. 82. कमी करत परत 64. पाऊल मापाने. चोच नेहमीसारखी.’

पानाचा उरलेला भाग दुधाच्या हिशेबाने भरलाय.

ही वही 1961 च्या पावसाळ्यानंतरची. त्या वर्षी 12 जुलैला पानशेतचं धरण फुटलं आणि नारायण पेठेतल्या आमच्या वाड्यात पाणी शिरलं. पाणी ओसरल्यावर घराघरातून चिखल उपसला गेला, त्यात आत्याची जुनी वही गेली. त्या वहीत म्हणे एकेका टोपऱ्याला दोन-दोन पानं होती, आकृत्या होत्या, लोकरीचे तुकडे टाचणीने टोचलेले होते. नवी वही तिने आठवणीवर लिहिली. जे हाताला पक्कं ठाऊक होतं, ते कागदावर पुन्हा कशाला मांडायचं, असं तिला वाटलं असणार. म्हणून या वहीत जिथे खरी कठीण जागा येते, तिथे नेमका तोच शब्द येतो. झबल्याचा गळा नेहमीसारखा. कुंचीची झालर नेहमीसारखी. टाच नेहमीसारखी.

पुढच्या वर्षी ऑक्टोबरात चीनशी लढाई सुरू झाली. देशभर बायका जवानांसाठी स्वेटर, मफलर, मोजे विणायला बसल्या, तशा आमच्या वाड्यातल्याही बसल्या. दुपारची जेवणं उरकली की चौकात सतरंजी पडायची आणि खाकी लोकरीच्या लड्यांचे गुंडे व्हायचे. मी दहा वर्षांची होते. लडी दोन्ही हातांत ताणून धरायची हे माझं काम, आणि हात भरून आले तरी खाली सोडायचे नाहीत हा नियम. मोज्याच्या सुया दुकानात मिळत, पण आत्याचा विश्वास सायकलच्या तारांवर. कोपऱ्यावरचा सायकलवाला जुन्या चाकाच्या तारा कापून, दोन्ही टोकं दगडावर घासून द्यायचा. साधारण 2 मिलिमीटर जाडीची ती तार, पाच तारांचा एक संच. पुण्यात तेव्हा सायकलींना तोटा नव्हता, त्यामुळे आत्याच्या सुयांनाही नव्हता.

त्या हिवाळ्यात मी पोटरी विणायला शिकले. सुलट, उलट, एक सुई संपली की पुढची. पण वीतभर झालं की आत्या हात पुढे करायची आणि म्हणायची, ‘टाच आली? आण इकडे.’ टाच ती कुणालाच करू द्यायची नाही, वाड्यातल्या लग्न झालेल्या बायकांनाही नाही. टाचेत एक गाठ राहिली किंवा एक टाका ओढला गेला, तर बुटात तिथे फोड येतो. आणि फोड आलेल्या पायाने त्या पोराने डोंगर कसा चढायचा, असं ती विचारायची. मग ती उजेडाकडे तोंड करून बसायची, आणि अर्ध्या तासाने मोजा परत माझ्या हातात यायचा तेव्हा काटकोनात वळलेला असायचा. मधे काय झालं, ते मी पाहिलं नाही. पाहायला हवं होतं.

21 नोव्हेंबरला लढाई थांबली. पुढे मी शिकले, शाळेत गणित शिकवायला लागले. विणकाम चालू राहिलं, पण मफलर आणि टोपरी यांच्यापलीकडे गेलं नाही. आत्या गेल्यावर तिची ट्रंक माझ्याकडे आली. वरच ही वही होती, आणि तळाशी वर्तमानपत्रात गुंडाळलेला एक खाकी मोजा. एकच. पोटरीला दोन ठिकाणी कसर लागलेली, पण टाच शाबूत.

मी वहीतला नमुना पहिल्यांदा वाचला तो शिक्षिकेच्या डोळ्यांनी. उत्तर बरोबर आणि पायऱ्या गाळलेल्या, अशा पेपराला आम्ही अर्धेच गुण द्यायचो. पण या पेपरात एक आकडा शिल्लक राहिला होता: 82. चौसष्ट टाक्यांनी सुरू झालेला मोजा टाचेनंतर ब्याऐंशींवर येतो, आणि हळूहळू पुन्हा चौसष्टांवर उतरतो. एवढ्या एका आकड्यावरून टाच परत मांडता येईल का, हा प्रश्न घेऊन मी त्या रात्री पाटी-पेन्सिलीसारखी वही-पेन्सिल घेऊन बसले.

टाच नेहमी निम्म्या टाक्यांवर होते, एवढं मला ठाऊक होतं. म्हणजे 32 टाके टाचेला आणि 32 पावलाच्या वरच्या बाजूला, ते तसेच सुईवर थांबलेले. ब्याऐंशीतून हे थांबलेले बत्तीस वजा केले की 50 उरतात. हे पन्नास कुठून येतात? टाचेची चौकोनी पट्टी विणली, की तिच्या दोन्ही कडांवरून नवे टाके उचलावे लागतात. दोन्ही बाजूंचे सारखे. म्हणजे पन्नास हे तळाचे टाके अधिक दोन सारख्या संख्या. 20 आणि 15-15 चालेल. 16 आणि 17-17 चालेल. 18 आणि 16-16 सुद्धा चालेल. कागदावर तिन्ही बरोबर, आणि त्यांतली आत्याची कुठली, ते कागद सांगेना.

मग मोजा काढला. भिंग घेतलं, टाचेच्या पट्टीच्या कडेला बोट लावलं आणि मोजायला लागले. कडेला साखळीसारखे टाके दिसत होते. सोळा. दुसऱ्या बाजूला सोळा. म्हणजे पट्टी 32 ओळींची होती, आणि प्रत्येक ओळीचा पहिला टाका तिने न विणता नुसता उचलून घेतला होता. त्यामुळे दर दोन ओळींना कडेचा एक टाका पडला. तळाचे टाके मोजले, ते अठरा भरले. 18 अधिक 16 अधिक 16, अधिक थांबलेले 32. ब्याऐंशी! तेवढ्या रात्री मी एकटीच मोठ्याने हसले, आणि मग बराच वेळ रडले.

आता मधली पायरी राहिली: बत्तीसाचे अठरा कसे झाले. इथेच मोजा वळतो. विणकामात मला याहून सुंदर दुसरं काही माहीत नाही, म्हणून जरा सविस्तर सांगते. मोजा ही खरं तर एक नळी. नळीला कोपरा नसतो, पण पायाला असतो. तो कोपरा आणायचा, तर ओळ शेवटपर्यंत विणायची नाही. बत्तीसातले अठरा टाके विणायचे, पुढचे दोन एकत्र, आणखी एक, आणि तिथूनच मागे फिरायचं. अकरा टाके पलीकडे तसेच सोडून. उलट बाजूने येताना पहिला टाका उचलायचा, पाच विणायचे, दोन एकत्र, एक, आणि पुन्हा मागे फिरायचं. आता दोन्हीकडे अकरा-अकरा टाके वाट पाहतायत. दर ओळीला एक पाऊल पुढे जायचं, वाट पाहणाऱ्यांतला एक टाका जवळच्याशी जोडून घ्यायचा. चौदा ओळी झाल्या की दोन्हीकडचे सगळे टाके आत आलेले असतात, सुईवर अठरा उरतात, आणि सपाट पट्टीच्या खाली छोटी वाटी तयार झालेली असते. त्या वाटीत टाच बसते. कापणं नाही, शिवणं नाही. एकाच धाग्याला थोडं मागे फिरवलं आणि कापड वळलं.

त्यानंतरचं सोपं. कडेचे टाके उचलून 82, आणि दोन्ही बाजूंना एकेक टाका कमी करत, एक फेर सोडून एक, नऊ वेळा. अठरा फेरांत पुन्हा चौसष्ट. सदऱ्याच्या काखेत जशी तिरकी कळी असते, तशी घोट्याखाली दोन कळ्या पडतात. मग पाऊल, आणि शेवटी चोच: आधी एक फेर सोडून चार-चार टाके कमी करत 32, मग प्रत्येक फेराला कमी करत 16. आत्याच्या मोज्यात हे शेवटचे सोळा टाके आठासमोर आठ ठेवून दाभणाने असे जोडलेत, की जोड बोटाला लागतच नाही. या जोडाला इंग्रजीत लॉर्ड किचनेरचं नाव आहे. 1902 ते 1909 या काळात हिंदुस्थानातल्या फौजेचे सरसेनापती असलेले, आणि पहिल्या महायुद्धात ब्रिटनचे युद्धमंत्री झालेले, तेच हे किचनेर. त्या युद्धात खंदकांत गुडघाभर चिखलपाण्यात उभं राहून सैनिकांचे पाय अक्षरशः कुजायचे. कोरडे मोजे बदलणं हे तिथे हुकुमाचं काम होतं, आणि घरोघरी बायका मोजे विणत होत्या. बोटांशी जाड शिवण नको, ही त्या पायांची गरज. लाटांवर लाटा येतात तशी ती युक्ती कुठल्या कुठल्या हातांतून येऊन 1962 मध्ये नारायण पेठेतल्या एका बाईच्या दाभणात पोचली होती.

‘नेहमीसारखं’ हा शब्द तेव्हापासून माझ्या मागे लागला. इंग्रजीत छापलेला सर्वांत जुना जो विणकामाचा नमुना आपल्याला माहीत आहे, तो 1655 साली लंडनमध्ये निघालेल्या ‘नॅचुरा एक्झेंटेराटा’ या औषधपाण्याच्या पुस्तकातला, आणि तोही पायमोज्याचाच. त्याच्या आधी शतकभर तरी इंग्लंडात मोजे विणले जात होते, विल्यम लीने 1589 मध्ये मोजे विणायचं यंत्रसुद्धा केलं होतं. पण हाताने मोजा कसा करायचा, हे लिहून काढायची कुणाला गरज पडली नव्हती. शेजारी बसलेल्या बाईकडे पाहिलं की कळायचं. नमुने भराभर छापले जाऊ लागले ते एकोणिसाव्या शतकात. 1840 साली एडिंबरच्या जेन गॉगेन यांचं पुस्तक निघालं. त्यांचं विणकामाच्या सामानाचं दुकान होतं. प्रत्येक टाक्याला एक छोटी खूण द्यायची आणि लांबलचक वाक्यं टाळायची, ही पद्धत रुळवणाऱ्या पहिल्या लोकांत त्या होत्या. आत्याच्या ‘2 सु 2 उ’चं मूळ शोधत गेलं, तर ते त्या दुकानाच्या आसपास कुठेतरी सापडेल. मला वाटतं, नमुना लिहायची वेळ येते ती शेजारी बसणारं माणूस दूर गेल्यावरच. आमच्या चौकातली सतरंजी उचलली गेली, वाडा पाडून इमारत झाली, आणि तीन जोड मोजे रस्त्यावर शंभर रुपयांना मिळायला लागले. टाच कशी करायची, हे सांगायला आता कुणी शेजारी नाही.

म्हणून मी आत्याचा मोजा मराठीत लिहायला घेतला, एकही पायरी न गाळता.

पहिला अडथळा शब्दांचा. सुलट, उलट, टाके घालणं, उसवणं, टाका गळणं, दोन टाके एकत्र. हे शब्द आयांनी-आज्यांनी तयार करून ठेवलेत आणि ते उत्तम आहेत. पण दोन टाके एकत्र विणताना वरचा टाका उजवीकडे झुकतो की डावीकडे, याला मराठीत वेगळा शब्द कुणी वापरताना मी ऐकला नव्हता. हाताला फरक माहीत होता, तोंडाला नव्हता. मी ‘उजवी जोड’ आणि ‘डावी जोड’ असं लिहिलं. टाच होईपर्यंत सुईवर तसेच राहणाऱ्या वरच्या बाजूच्या टाक्यांना ‘थांबलेले टाके’ म्हटलं. घोट्याजवळच्या तिरक्या भागाला शिवणकामातली कळीच घेतली. एकेक शब्द घालून पाहताना मी तो आत्याच्या आवाजात म्हणून बघायचे. तिच्या तोंडी शोभला नाही तर खोडायचे.

नमुना साडेचार पानांचा झाला आणि मला वाटलं, आता यात काही राहिलं नाही. समोरच्या इमारतीतली एक मुलगी हिमालयात ट्रेकला निघाली होती. तिला म्हटलं, माझ्याशी न बोलता नुसता कागद वाचून मोजा करशील का? तिने केला. चौथ्या दिवशी घेऊन आली, तेव्हा घोट्याच्या दोन्ही कोपऱ्यांत करंगळी जाईल एवढी भोकं होती. आणि मोजा तिच्या टाचेवरून पुढे सरकत नव्हता.

मी कागद पुन्हा वाचला. ‘कडेचे 16 टाके उचला’ असं लिहिलं होतं. पण पट्टी आणि थांबलेले टाके जिथे भेटतात, त्या सांध्यात मी स्वतः एक जादा टाका उचलते आणि पुढच्याच फेरात तो शेजारच्याशी जोडून टाकते, म्हणून माझं भोक बुजतं. हे मी लिहिलंच नव्हतं. मला ते लिहायचं आहे, हेसुद्धा ठाऊक नव्हतं. माझी बोटं ते माझ्या नकळत करत होती. आत्यावर रुसून बसलेली मी, आणि माझ्या साडेचार पानांत तिचाच शब्द न लिहिता लिहिला गेला होता. मोजा घट्ट झाला त्याचं कारण त्या मुलीचा हात. माझ्या हाताने एका इंचात आठ टाके बसतात, म्हणजे 64 टाक्यांचा घेर 8 इंच होतो. नऊ इंची पावलावर तो बेताने ताणून बसतो. तिचा हात घट्ट, इंचाला नऊ टाके. तोच मोजा तिच्या हातून जेमतेम सात इंचांचा झाला. ‘आधी चार इंचांचा तुकडा विणून मोजा’ हे वाक्य मी शेवटच्या पानावर, तळाला लिहिलं होतं. ते उचलून पहिल्या पानावर, पहिल्या ओळीत आणलं. त्या मुलीला मी मनापासून मानते. तिने तो मोजा उसवला नाही, मला ठेवायला दिला.

मोज्यानंतर मी टोपी लिहायला घेतली. टोप्यांच्या बाबतीत मोकळेपणा जास्त असतो. टाच नाही, अंगठा नाही, नुसता घेर आणि वर हळूहळू मिटत जाणारा घुमट. लहान मुलाच्या टोपीला मी 96 टाके घालते. हा आकडा मला फार आवडतो. तो दोनाने, तिनाने, चाराने, सहाने, आठाने, बाराने, कशानेही सरळ भागला जातो, त्यामुळे त्यावर हवी ती नक्षी बसते. एकदा मनात आलं, ठिपक्यांची रांगोळी टोपीवर का घेऊ नये? सुलट विणीच्या सपाट अंगावर एक उलट टाका घातला की तो वर उठून दिसतो, हुबेहूब ठिपका. आलेखाच्या कागदावर अकरा बाय अकराचं फूल काढलं, बाजूला एक टाका मोकळा, अशा बारा टाक्यांच्या आठ फुलांनी 96 पुरे झाले. विणून पाहिलं, तर फुलं बसकी. कुणीतरी वरून हात ठेवून दाबल्यासारखी. कागदावरचा चौकोन चौरस असतो; विणीचा टाका मात्र उंचीपेक्षा रुंद. त्या लोकरीत माझ्या हाताने इंचात साडेपाच टाके बसत होते, पण ओळी साडेसात. अकरा टाक्यांची रुंदी 2 इंच, आणि अकरा ओळींची उंची दीड इंचालाही कमी. फूल गोल दिसायला हवं असेल, तर अकरा टाक्यांना पंधरा ओळी द्यायला लागतात. रांगोळीतले ठिपके मग कागदावर उभट, लांबुडके दिसतात आणि डोक्यावर गेल्यावर गोल होतात. चार टोप्या उसवून हे हाती आलं. लोकर उसवली की ती कुरळी होते. तिच्या लड्या करून, पाण्यातून काढून दोरीवर वाळत घातल्या की दुसऱ्या दिवशी पुन्हा सरळ. त्या महिन्यात माझ्या गॅलरीत सतत काहीतरी निथळत होतं.

याच टोपीचा कागद न्यू जर्सीत राहणाऱ्या एका मैत्रिणीला पाठवला. तिने नातवासाठी विणली आणि ती जावयाला बसली. मी ‘9 नंबरच्या सुया’ असं लिहिलं होतं. आपल्याकडे सुयांचे नंबर जुन्या ब्रिटिश मापाचे: नंबर चढत जातो तशी सुई बारीक होते, आणि 9 नंबर म्हणजे पावणेचार मिलिमीटर. अमेरिकेत नंबर उलट चढतात. तिथली 9 नंबरची सुई साडेपाच मिलिमीटरची. त्या दिवसापासून मी नंबराबरोबर मिलिमीटर लिहिते. आत्याच्या तारेला नंबरच नव्हता, पण तिची जाडी आजही कुणालाही मोजता येते.

बोटं मोकळी ठेवणाऱ्या हातमोज्यांचा नमुना सर्वांत कमी त्रासात झाला. डिसेंबरात पहाटे पाचला आमच्याकडे पेपर टाकणारा मुलगा गठ्ठ्यातून एकेक पेपर सुटा करताना बोटांवर फुंकर मारायचा. त्याला पूर्ण हातमोजे देऊन उपयोग नव्हता, कागद सुटणार कसा? अंगठ्याच्या बुडाशी एक कळी वाढवत नेली, बोटांच्या पेरांशी मोजा बंद केला. दोन संध्याकाळचं काम.

नमुना कागदावाचून कसा जातो, हे मी लाहौलमध्ये पाहिलं. केलाँगला 1850 च्या दशकात मोरावियन मिशनऱ्यांनी ठाणं केलं आणि त्यांच्यातल्या मारिया हायडे यांनी तिथल्या बायकांना विणकाम शिकवलं. आज लाहौलचे रंगीत मोजे आणि हातमोजे इतके तिथले झालेत, की 2021 मध्ये त्यांना भौगोलिक मानांकन मिळालं. केलाँगच्या बाजारात उन्हाला बसून एक आजी मोजा विणत होती. तिची हिंदी तुटकी, माझी पुणेरी. मी खुणेने विचारलं, हा पट्टा कसा केला? तिने माझ्याकडे एकदा पाहिलं आणि जवळजवळ संपत आलेला पट्टा सरळ उसवला. चार बोटं नक्षी क्षणात धागा होऊन तिच्या मांडीवर पडली. मग एकेक टाका माझ्या डोळ्यांसमोर, सावकाश, तिने ती पुन्हा विणली. मध्येच थांबून सुया माझ्या हातात दिल्या, एक फेर माझ्याकडून करून घेतला, चुकला तेवढा उसवला, परत दिला. तिचा अर्धा दिवस त्यात गेला असेल. एवढ्या उदारपणे मला दुसरं काही कुणी शिकवल्याचं आठवत नाही.

नमुने लिहिणाऱ्यांत मी ज्यांना गुरू मानते, त्या एलिझाबेथ झिमरमन. इंग्लंडात 1910 साली जन्मल्या, अमेरिकेत विस्कॉन्सिनमध्ये राहिल्या, 1999 मध्ये गेल्या. एका मासिकाने त्यांचा गोल विणायचा स्वेटर सपाट विणायच्या सूचनांत बदलून छापला, तेव्हा 1958 पासून त्यांनी स्वतःचंच छोटं पत्रक काढायला सुरुवात केली. विणकामात नवं काही सुचलं, तर ‘मी शोध लावला’ असं त्या म्हणत नसत. जगात कुठेतरी, कधीतरी एखाद्या बाईला हे सुचलंच असणार, आपल्याला ते फक्त पुन्हा सापडलं, असं त्यांचं म्हणणं, आणि त्यासाठी त्यांनी एक खास शब्दच घडवला होता. हे मला शंभर टक्के पटतं. ‘डावी जोड’ माझी नाही, सांध्यातला जादा टाकाही माझा नाही. पण त्यांचं एक मला पचायला वेळ लागला. विणणाऱ्या बाईने आपल्या डोक्याने चालावं, म्हणून त्या सूचना मुद्दाम मोकळ्या ठेवत. मला वाटायचं, ज्या पोरीच्या घरात सुया धरणारं कुणीच नाही, तिला मोकळ्या सूचना देणं म्हणजे तिला वाटेत सोडणं. अजूनही थोडं तसंच वाटतं. सुरुवात करणारीला प्रत्येक पायरी मिळायलाच हवी. या कागदांचे पैसे का घेत नाही, असंही मला काही जणी विचारतात. जिचं पोट या कामावर आहे तिने जरूर घ्यावेत, आणि आपण ते आनंदाने द्यावेत. मी घेत नाही, कारण हा मोजा आत्याचा आहे.

गेल्या दिवाळीनंतर कोल्हापूरहून एक पाकीट आलं. माझा मोज्याचा कागद कुणाकडून तरी कुणाकडे जात त्या बाईंपर्यंत पोचला होता. आत एका मोज्याचा फोटो, करड्या रंगाचा, आणि शाळेच्या वहीचं फाडलेलं अर्धं पान:

‘काकू, आईच्या पायाला सूज असते म्हणून वर 72 घातले. 2 सु 2 उ ऐवजी 3 सु 1 उ केलं, खूण उमटत नाही. सुई एक नंबर जाड. टाच नेहमीसारखी. आई रात्री पण घालून झोपते.’

मी ते पान आत्याच्या वहीशेजारी ठेवलं. मग पेन्सिल घेतली. बहात्तराचे निम्मे 36, म्हणजे छत्तीस ओळींची पट्टी, कडेचे अठरा-अठरा. छत्तीसातले वीस विणून मागे फिरली असेल, म्हणजे तळाला 20. वीस आणि अठरा आणि अठरा, अधिक वर थांबलेले छत्तीस. तिने तो आकडा लिहिला नव्हता. मी तिच्या ओळीच्या शेजारी, समासात, बारीक अक्षरात लिहून ठेवला: 92.